बाजूला बसण्याचे दिवस

अंबड, ६ जानेवारी १९३७
आज पुन्हा बाजूला बसले. खोटंच. पाळी गेल्या श्रावणात थांबली, चव्वेचाळिसावं सरता सरता. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर गोठ्याजवळची ही खोली गेली, आणि खोलीबरोबर लिहिणं. एरवी चूल, सोवळं, सासूबाईंच्या हाका. इथं तीन दिवस कुणी शिवत नाही, काही मागत नाही. यांच्या वकिलीचे रद्दी कागद आहेत. एका अंगाला यांची उर्दू, दुसऱ्या अंगाला माझी हडळ.

७ जाने.
विटाळाच्या फडक्यांच्या कोरड्या घड्या पाण्यात बुचकळून गोठ्यामागच्या दोरीवर टाकल्या. स्वतःचीच लाज वाटली.
थोरल्या जाऊबाई उंबऱ्याबाहेर ताट ठेवून रेंगाळल्या. त्यांना अक्षर येत नाही, पण गोष्ट हवी असते. वाचून दाखवलं: हडळीची पावलं उलटी, म्हणून माग काढणारे तिच्यापासून लांब लांबच जातात.
"बरंय की मंग तिचं," म्हणाल्या. "मला तर सगळे डोळे झाकून चुलीपाशी गाठतेत."

२१ जाने.
गोष्ट अर्धी. राहवेना. पंधरा दिवसांतच पुन्हा बसले. चूक केली बहुतेक.
जाऊबाईंनी ताट आदळलं. "काय गं धाकटे, तुझं तर दर पंधरवड्याला येऊन राह्यलं. मी एकटीनंच भाकरी थापायच्या का?" वळल्या, परत फिरल्या. "त्या बाईचं पुढं काय झालं?"

५ फेब्रु.
महिन्यात तिसऱ्यांदा. शेवट इतका जवळ आलाय की...
सासूबाई दाराबाहेर उभं राहून मोठ्यानं दिवस मोजत होत्या. "हे साधं न्हाई. बाहेरचं काही तरी हाय." घनसावंगीकडून देवऋषी येणार. बेंबीखाली तापल्या विळ्याचा डाग दिला की रक्त थांबतं म्हणे. हे कज्ज्यासाठी परगावी, यांना निरोप धाडला. यांचं उत्तर आलं: "आईला बराबर वाटेल ते."
पोटावरून हात फिरवला. मऊ, सैल, तीन बाळंतपणांचं. इतक्या वर्षांत त्याची कधी विचारपूस केली नाही.
हडळ लिहिताना एकदाही भ्याले नव्हते.

१९ फेब्रु.
सांगून टाकलं. जाऊबाईंसमोरच. "सासूबाई, मला विटाळ येतच नाही. सहा महिने झाले. लिहायला मिळावं म्हणून खोटं बोलले. हडळीची गोष्ट आहे." वाटलं, ओरडतील, कागद जाळतील, पण डाग टळेल.
ओरडल्या नाहीत. डाळ निवडत राहिल्या. "मंग तर डाग लागतोच. अडलेलं रगत डोक्यात चढतं. उगाच का तू हडळी लिहून राह्यली?"
आलं तरी डाग, न आलं तरी डाग.

२२ फेब्रु.
खोलीला कुलूप. कागद आत. हे कोठीत, कणगीआड उभ्यानं लिहितेय. देवऋषी उद्या येतोय. माहेरी जावं तर तिथं कुणी नाही.
जाऊबाई भाजी चिरता चिरता पुटपुटल्या, "चूल माझ्या ताब्यात हाय. बघू त्याला विस्तव कोण देतंय."
"तुम्हाला बोलतील."
"बोलू दे. वीस वर्षं बोलूनच राह्यल्या ना? अन् तुझ्या तोंडून शेवट ऐकायचाय मला. देवऋष्याकडून न्हाई."
मला हसू आलं.

२३ फेब्रु.
देवऋषी ओसरीवर बसलाय. विळा शेजारी. जाऊबाईंनी पहाटेच पेटत्या चुलीत घागर उपडी केली, "निसटली हातातून" म्हणाल्या. काडेपेटी सापडत नाही. सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.
आता सासूबाई परसात गेल्यात. हातात विस्तव आणायला गोवरी. कुडापलीकडे शेजारणीला हाक मारून राह्यल्यात: "अगं ए, इंगळ हाय का चुलीत? जल्दी दे."
शेजारणीची पावलं वाजली. कुडाशी येऊन थांबलीत. तिनं इंगळ आणलाय की नाही, ते इथून दिसत नाही.