शपथ, पँट आणि कोचबाईंची फी

हेझल फोर्क,
रविवार, चर्चनंतर आणि जेवणाआधी
(म्हणजे मन पवित्र आणि पोट रिकामं असताना)

आदरणीय मेहुणेराव हॉलिस यांस,

लमार टॅकेटचा सादर नमस्कार. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची गरज राहिली नाही, कारण बार्बेक्यूच्या उद्घाटनाचा तुमचा फोटो परवाच्या पेपरात पाहिला आणि त्यात तुम्ही पूर्ण मावला नव्हतात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमची बहीण नॅडीन मजेत आहे आणि हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचते आहे, त्यामुळे यात तिच्याबद्दल चांगलंच लिहिलेलं आढळेल.

पत्रास कारण की, माझी पँट राहत नाही. याची संपूर्ण जबाबदारी मी राज्य सरकारवर टाकतो, आणि तुम्ही आमदार असल्यामुळे तुमच्या वाट्याची तुमच्यावर. देवाने माणसाला हात दोन दिले. सरकारी परवाना मंडळापुढे साक्ष द्यायची तर डावा हात बायबलवर आणि उजवा हवेत ठेवावा लागतो. आता ज्या नागरिकाची पँट कमरेपेक्षा चार बोटं सैल आहे, त्याने काय करावं? कायदा करताना याचा विचार एकाही आमदाराच्या डोक्यात येऊ नये? (तुमच्या येणार नाही हे समजू शकतो. तुमची पँट जिथे आहे तिथून हलण्याची शक्यता नाही.)

पण ही पँट सैल कशी झाली ते आधी सांगायला हवं. गेल्या शरदात डॉक्टरांनी माझं रक्त तपासून सांगितलं, की साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे, आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांनी जिल्ह्याच्या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ यान्सीबाईंकडे जायला सांगितलं. फोन केला तर ईस्टरनंतरची तारीख मिळाली. ईस्टर येईपर्यंत मध्ये थँक्सगिव्हिंगची मेजवानी होती, नाताळ होता आणि नॅडीनची साखरेने थबथबलेली पेकन पाय होती. तेव्हा नॅडीनने मला दंडाला धरून ओडेसा प्रूइटकडे नेलं.

ओडेसा म्हणजे आपल्या शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉलच्या कोचबाई. नॅडीन त्यांच्या हाताखाली खेळली आहे आणि अजूनही त्यांच्यापुढे च्युइंगम थुंकून टाकते. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंना ओरडायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी गावातल्या लठ्ठ लोकांना हाताशी धरलं. त्यांच्याकडे कसलीही पदवी नाही. तक्ते नाहीत, वजनकाटा नाही. त्यांचं शास्त्र एवढंच, की त्या सकाळी बर्निसच्या हॉटेलात येऊन तुमच्या समोरच्या खुर्चीत बसतात आणि तुमच्या ताटाकडे बघतात. पहिल्या दिवशी माझ्यासमोर ग्रेव्हीत बुडवलेली, लोण्यातली पावासारखी मऊ बिस्किटं होती. बाईंनी ती बराच वेळ पाहिली.

“ए टॅकेट, शिक्षा म्हणून खायला लावलंय का रे कुणी?”

मी अर्धी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. मग दुपारी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात फोन यायला लागले. (गिऱ्हाइकांसमोर, खिळे मोजताना.) “टेबलाच्या खणात डोनट आहे का?” मी म्हणायचो, नाही. “मग तोंडात आहे. काढ.” ही बाई फोनवरून माणसाच्या तोंडातलं बघू शकते, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो आणि शपथेचाच प्रसंग पुढे आला. नाताळानंतर पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं, मग आणखी एक, आणि शेवटी पट्ट्यापेक्षा भोकं जास्त झाली. साखर उंबरठ्यावरून परत गेली. डॉक्टर म्हणाले, यान्सीबाईंनी कमाल केली. मी मान डोलावली. काय सांगणार?

आता कायद्याकडे येतो, जो तुम्ही केला आहे आणि बहुधा वाचला नाही. आपल्या राज्यात काय खावं हे कुणीही कुणालाही सांगू शकतो. माझा न्हावी सांगतो, पाद्री सांगतात, नॅडीन तर झोपेतही सांगते. पण सांगणाऱ्याने त्याचा एक डॉलर जरी घेतला तरी परवाना पाहिजे, नाहीतर गुन्हा. बोलणं कायदेशीर, पैसे घेणंही कायदेशीर, दोन्ही एका दमात केलं की सरकार दारात. कोचबाई महिन्याची फी घेत होत्या, आणि ती उघडपणे घेत होत्या. गावालाच घाम फुटला. मग आपल्या हुशार गावाने एक युक्ती काढली. चेकच्या खालच्या कोपऱ्यात पैसे कशाबद्दल ते लिहायची ओळ असते ना, तिथे प्रत्येकाने लिहायला सुरुवात केली: टोमॅटोबद्दल. (सुरुवात पाद्र्यांनी केली असं म्हणतात. ते म्हणतात, ती बाजारहाट होती.) बाईंना कुणी विचारलं नाही. बाईंच्या अंगणात सगळं सिमेंट आहे आणि मधोमध बास्केटबॉलचा खांब. तिथे जानेवारीच्या गोठलेल्या थंडीत अख्खं गाव टोमॅटो विकत घेत होतं, हे मंडळाच्या निरीक्षकाच्या लक्षात यायला फारसा वेळ लागला नाही.

निरीक्षक आला तो यान्सीबाईंच्या तक्रारीवरून. गावाने त्यांना न बघताच ओळखलं: लेट्यूसच्या पानावर जगणारी, काडीसारखी, मत्सरी बाई. मीही गावच्या पेपरातल्या माझ्या शुक्रवारच्या सदरात तसंच काहीसं लिहिलं आणि लोकांनी ते कापून बर्निसच्या काउंटरला चिकटवलं. मंडळापुढच्या सुनावणीला मात्र एक चांगली अंगाने भरलेली, गुडघे धरून जिना चढणारी, दमलेली बाई आली आणि बाकावर बसून पर्समधली पीनट बटरची क्रॅकर्स खाऊ लागली. मला वाटलं कारकून असेल. मी तिला पाणी आणून दिलं आणि यान्सीबाईंबद्दल दोन वाईट गोष्टीही सांगितल्या. तिने त्या शांतपणे ऐकून घेतल्या.

कोचबाईंच्या वकिलाचा बेत असा होता: बाईंनी ज्याच्याकडून एक पैसाही घेतलेला नाही असा एखादा पेशंट उभा करायचा आणि हा सगळा शेजारधर्म आहे म्हणायचं. असा पेशंट गावात एकच निघाला. (मी पैसे बुडवत नव्हतो, मेहुणेराव. हार्डवेअरच्या धंद्यात माल नीट पारखल्याशिवाय बिल चुकतं करत नाहीत, आणि मी अजून पारखत होतो.) ज्या चिकटपणाबद्दल तुमचे वडील लग्नाच्या वेळी नाक मुरडत होते, त्यावर आता एका बाईची आणि गावाच्या कमरेची सगळी मदार होती. लोक रस्त्यात थांबून माझा हात हातात घेत.

तर मी उभा राहिलो. डावा हात बायबलवर. उजवा वर. सत्य सांगेन म्हणालो तेव्हा पँटने कंबर सोडली. संपूर्ण सत्य म्हणालो तेव्हा ती मांड्यांशी होती. सत्याशिवाय काहीही नाही म्हणालो तेव्हा, नाताळात नॅडीनने दिलेली हरणांच्या चित्रांची चड्डी वगळता, खरोखरच काही नव्हतं. हात खाली आणावा तर शपथ मोडते! मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “साक्षीदाराने पुरावा वर ओढून घ्यावा.”

पुरावा वर ओढून मी सांगितलं, की बाईंना मी एक पैसाही दिलेला नाही. वकील खूश झाला आणि बसणार, एवढ्यात कोचबाई उठल्या. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं.

“खोटं नाही बोलत तो. पण अर्धंच बोलतोय,” त्या म्हणाल्या. “दिले नाहीत, देणं आहे. मी काही याला शेजारधर्म म्हणून वाण्याच्या दुकानाची वाट दाखवत नव्हते. काम करत होते. चाळीस वर्षं पोरींना शिकवलं, की घाम गाळलात तर त्याची किंमत मागा. आता म्हातारपणी फुकट राबणारी म्हणवून घेऊ?”

“आणि ते टोमॅटो?” अध्यक्षांनी विचारलं.

“मला टोमॅटोची ॲलर्जी आहे.”

वकिलाने कपाळ टेबलावर ठेवलं ते शेवटपर्यंत उचललं नाही. मग अध्यक्षांनी तक्रारदाराला बोलावलं, आणि माझ्या शेजारची क्रॅकर्सवाली बाई पर्स सावरत उठली. मी आणून दिलेला पाण्याचा ग्लास तिने रिकामा करून माझ्या हातात ठेवला.

यान्सीबाई आवाज न चढवता बोलल्या. शेजारच्या जिल्ह्यात एकजण हिरवा रस विकायचा आणि सल्ला द्यायचा. इन्सुलिनवरच्या एका माणसाला त्याने इन्सुलिन सोडायला लावलं. त्या माणसाचा पाय घोट्यापासून कापला, आणि तो आता यान्सीबाईंचा पेशंट आहे. “त्या रसवाल्याकडेही परवाना नव्हता,” त्या म्हणाल्या, “आणि तोही लोकांना फार आवडायचा.” यावर मी कबूल केलं, की बाईंचं बरोबर आहे. (नॅडीन म्हणते, या वाक्यापुढे तारीख घाला, असं रोज घडत नाही.) मग त्या कोचबाईंकडे वळल्या. “इन्सुलिनवाला आला, किडनीचा पेशंट आला, तर तुम्ही काय करता?”

“गाडीत घालते आणि तुझ्याकडे आणते. दुसरं काय करणार? तुझ्या काउंटरवरच्या पोरीशी भांडून भांडून घसा बसलाय माझा.”

यान्सीबाईंनी विचारलं, “वेटिंग रूममध्ये शिटी वाजवणाऱ्या त्या तुम्ही?”

“रांग हलत नव्हती.”

यान्सीबाई हसल्या. अगदी मोकळं हसल्या, गुडघा धरून. मग मंडळाला म्हणाल्या, की तक्रार मी मागे घेणार नाही. यापुढे जो रसाची बाटली घेऊन येईल तो पेशंटला गाडीत घालून माझ्याकडे आणणार नाही. पण या बाईत आणि त्या रसवाल्यात कायद्याला फरक कळत नाही, हा दोष या बाईंचा नाही. मेहुणेराव, मी वीस वर्षं सदर लिहितो आहे. आपल्या बाजूचं नसलेलं खरं इतक्या साधेपणाने कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्या दोघींकडे पाहताना माझ्या लक्षात आलं, की पँट पुन्हा घसरते आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मंडळाने दंड ठोठावला. यापुढे पैसे घ्यायचे नाहीत, सल्ला फुकट द्यायला हरकत नाही, असं सांगितलं. कोचबाई म्हणाल्या, “फुकट? फुकट सांगितलेलं या गावाने ऐकलं असतं तर पाद्रीबुवा केव्हाच रिकामे झाले असते.” आणि गळ्यातली शिटी काढून त्यांनी पर्समध्ये टाकली.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, की परवाने मुळातूनच काढून टाकायचं विधेयक तुम्ही आणता आहात आणि चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तुमच्या ट्रकवर कोचबाईंना स्वातंत्र्याची हुतात्मा म्हणून उभं करायचं आहे. मी निरोप पोचवला. त्यांचं उत्तर: “हॉलिसला सांग, आधी ग्रेव्ही सोड, मग बघू. आणि त्या रसवाल्याला मोकळं सोडणार असेल, तर मी त्याच्या ट्रकवर नाही, ट्रकपुढे उभी राहीन.”

बाकी क्षेम. वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुमचा,
लमार टॅकेट

ता. क. पँट राहत नाही असं वर लिहिलं, ते सुनावणीच्या दिवशीचं. आज ती नीट राहते. पट्ट्याची शेवटची तीन भोकं बेकार झाली आहेत. कोचबाई बर्निसकडे येतात, पण आमच्याकडे पाठ करून बसतात, आणि त्या पाठीसमोर अख्खं गाव बिस्किटं खातं. दुपारी फोन वाजत नाही. खणात डोनट आहे. परवा डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं आणि म्हणाले, साखर परत उंबरठ्याकडे निघाली आहे. म्हणून हे पत्र. सोबत बर्निसकडचा एक कागदी रुमाल जोडला आहे. गेल्या शनिवारी यान्सीबाई आल्या होत्या. दोघी दोन तास भांडल्या आणि त्यावर एवढंच लिहिलं: आजारी माणसाला परवानावाल्याकडेच पाठवायचं. धडधाकट माणसाला कुणीही पैसे घेऊन सांगावं, फक्त मी आहारतज्ज्ञ नाही हे आधी स्वच्छ सांगावं. तुमच्या विधेयकाऐवजी हा रुमाल मांडा. (डाग ग्रेव्हीचा आहे. माझाच.)

ता. क. दुसरं. हे नॅडीन स्वयंपाकघरात गेल्यावर लिहितो आहे. दंडाची नोटीस कोचबाईंनी बास्केटबॉलच्या खांबाला चिकटवली होती आणि तिच्यावर नेम धरून चेंडू मारत होत्या. भरणार नाही म्हणत होत्या, आणि त्या म्हणतात तेच करतात हे आपल्याला ठाऊक आहे. मुदत संपत आली होती. बाईंच्या हातात पैसे ठेवावेत तर पुन्हा गुन्हा त्यांच्याच माथी. म्हणून मी त्यांच्या नावचा दंड परस्पर मंडळाकडे भरला. माझं देणं त्याहून थोडं कमी होतं. वरचे आगाऊ समजावेत. चेकच्या कोपऱ्यातल्या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: आहाराच्या सल्ल्याबद्दल. काल बँकेत पाहिलं, चेक वटला आहे. मागे राज्य सरकारचा शिक्का आहे. म्हणजे आहारसल्ल्याची फी सरकारने रीतसर घेतली. परवाना असेलच त्यांच्याकडे, मी विचारलं नाही.

ओडेसाबाईंना यातलं काही सांगू नका.