पक्क्या शाईचे छोटे पेन

हा कागद लिहायला मला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. वीस-बावीस दिवस नुसते पेन ठरवण्यात गेले. ते का, हे पुढे येईलच.

मी, रावसाहेब किसन खिल्लारे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी पास, मूळ गाव वसमत तालुक्यात, हल्ली राहणार द्वारका, दिल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी कमलाबाई हिचे मत वेगळे आहे, पण तिने मला लिहू दिले आहे. मी कोणतीही नशा करत नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला आहे असा मला संशय आहे, पण त्याला धाक म्हणता येणार नाही.

१. या वर्षी फेब्रुवारीत मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. ते कोणाला कोरे दिसेल, कोणाला लिहिलेले दिसेल. दोन्ही परिस्थितीत रद्द.

२. द्वारकेचे दोन खोल्यांचे घर माझ्या नोकरीच्या पैशातून घेतलेले आहे, त्यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही. माझ्यानंतर ते कमलाबाई हयात असेपर्यंत तिचे. तिच्यानंतर माझा एकुलता मुलगा समाधान याचे. यात कोणतीही अट नाही. त्याला विकायचे असेल तर त्याने विकावे. हे वाक्य लिहून मी एक दिवस थांबलो होतो, तरी ते तसेच ठेवले आहे.

३. बँकेतील ठेव कमलाबाईची. पासबुक कुठे आहे ते तिला माहीत आहे. मी जागा दोनदा बदलली, तरी तिला माहीत आहे.

४. माझी पेने. ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, मोजून एकवीस. ती नात श्रावस्ती हिला द्यावीत. यात तिचे स्वतःचे एक पेन आहे. ते दिले असे लिहिता येणार नाही, परत केले असे वाचावे.

याचा खुलासा करतो. मी चौतीस वर्षे एका सरकारी कार्यालयात डाक वाटली. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आणि आसपासच्या कार्यालयांत सायकलवर फाइली आणि लिफाफे न्यायचे, आणि ज्याने घेतले त्याची सही प्यून-बुकात, म्हणजे पोचेच्या वहीत, घ्यायची. सही नाही तर डाक पोचली नाही, आणि पोचली नाही तर दोष माझा. साहेब लोकांकडे पेन कधीच नसायचे. "पेन देना ज़रा" म्हणायचे, सही करायचे आणि पेन स्वतःच्या खिशात. खंडेराव नावाचे आपल्याकडचेच एक सेक्शन ऑफिसर होते, त्यांनी माझी तीन पेने नेली. तिसऱ्या वेळी मी मागितले तर म्हणाले, "अहो रावसाहेब, नावाने साहेब आहात आणि पेनासाठी रडता?" सगळे हसले. मी ते विसरलेलो नाही.

त्यामुळे खिशातले पेन कसे असावे याचा माझा अभ्यास पक्का आहे. सदऱ्याच्या खिशापेक्षा बोटभर आखूड असावे, म्हणजे वाकले तर पडत नाही आणि समोरच्याच्या नजरेत येत नाही. टकटक करणारे घेऊ नये, ते खिशात आपोआप दाबले जाते आणि छातीवर निळा डाग पडतो. टोपणाचेच घ्यावे. अडकवायची पट्टी लोखंडाची हवी, प्लास्टिकची महिन्यात तुटते. पहिल्या रेघेला उमटले पाहिजे, कारण सही करणारा दुसरी रेघ ओढायला थांबत नाही. आणि ओले बोट फिरवल्यावर शाई पसरता कामा नये. सेक्टरमधला स्टेशनरीवाला मला बघितले की म्हणतो, "अंकल, पेन ले रहे हो या दामाद ढूँढ रहे हो?" मी पुढचे पेन चालवून बघतो. तोच माणूस सुकलेल्या रिफिली पुढे मांडतो असा माझा अंदाज आहे.

५. आता फेब्रुवारीचे. हे मला लिहिणे भाग आहे, नाहीतर वरची कलमे कोणाला समजणार नाहीत.

मागच्या दिवाळीच्या सुटीत समाधान, सूनबाई ऋचा आणि श्रावस्ती गाझियाबादहून आमच्याकडे आले होते. ते गेल्यावर वर्तमानपत्राखाली मला एक काळे पेन सापडले. आखूड, हलके, टोपणाचे, पट्टी लोखंडी, पहिल्याच रेघेला चालू. पाणी लावून पाहिले, पसरले नाही. मागच्या टोकाला रबराचा लहान गोळा होता, तो पेन पडले तर मार बसू नये म्हणून असावा असे मी समजलो. इतके चांगले पेन मला चौतीस वर्षांत मिळाले नव्हते. दोन दिवसांनी श्रावस्तीचा फोन आला, "आजोबा, माझं ब्लॅक पेन राहिलंय का तिकडे?" मी म्हणालो, नाही बुवा. पेन त्या वेळी माझ्या खिशात होते.

फेब्रुवारीत त्याच पेनाने मी मृत्युपत्र लिहिले. साक्षीदारांनाही, जुनी सवय म्हणून, माझेच पेन दिले आणि परत घेतले. मग वाटले, साध्या कागदाला कसर लागेल, लॅमिनेशन करून ठेवावे. माझे रेशनकार्ड, पेन्शनचा कागद, समाधानची दहावीची मार्कशीट, सगळे मी तसेच ठेवलेले आहे. त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते आणि समाधान आलेला होता, म्हणून त्याला मेट्रोजवळच्या दुकानात पाठवले. बजावले की कागद उलटा धरून द्यायचा, वाचायचा नाही, दुकानदारालाही वाचू द्यायचा नाही, तसाच लिफाफ्यात घालून आणायचा.

तो घेऊन आला. मी लिफाफा उघडला. आत प्लास्टिकमध्ये बसवलेला कोरा कागद. एक अक्षर नाही, एक सही नाही.

मी म्हणालो, "माझा कागद कुठे आहे?"

"हाच तर आहे, बाबा."

"हा कोरा आहे."

"मी बघितलाच नाही. तुम्हीच म्हणालात ना, बघू नकोस?"

"वाचलास आणि बदललास. आवडलं नसेल त्यात लिहिलेलं."

त्याने खिसे उलटे करून टेबलावर रिकामे केले. मेट्रोचे कार्ड, किल्ल्या, रुमाल, औषधाची गोळी. म्हणाला, "घ्या, चेक करा. बूट काढू का?" कमलाबाई म्हणाली, "अहो, पुरे. पोटचा पोरगा आहे." मी म्हणालो, पोटचा आहे म्हणूनच त्याला घराची किंमत माहीत आहे. ऋचा दारात उभी होती. तिने समाधानची बॅग तेवढी उचलली. जाताना तो म्हणाला, "बाबा, घराचं जे करायचं ते करा. मला नकोय." तेव्हापासून तो आलेला नाही. आठ महिने झाले.

६. गेल्या महिन्यात श्रावस्ती एकटी मेट्रोने आली. आजीला भेटायला म्हणाली. मला वाटले, तिला बघून यायला पाठवले आहे. पाणी पिता पिता तिची नजर माझ्या खिशावर गेली. "आजोबा, हे माझं पेन आहे."

मी ते काढून तिच्यापुढे ठेवले.

"काय यार आजोबा, मी किती शोधलं! हे मिटणारं आहे, रफ वर्कचं." तिने वर्तमानपत्राच्या कडेला तिचे नाव लिहिले, मागच्या गोळ्याने घासले, आणि नाव गेले. म्हणाली, घासल्याने गरम होते, आणि गरम झाले की ही शाई जाते. मी विचारले, लॅमिनेशनचे मशीन किती गरम असते? तिने पेनाला टोपण लावले आणि म्हणाली, "तो कागद आणा."

तिने तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मटारच्या पिशवीवर ठेवला. मला पटले नव्हते. पोरीला बापाने शिकवून पाठवले असेल असे मनात होते, म्हणून मी फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसलो, कोणी कागद बदलू नये म्हणून. कमलाबाईला भाजी काढायची होती, तिलाही मी माझ्यासमोर काढायला लावली. जेवणे झाल्यावर दार उघडले. प्लास्टिकवर बर्फाची भुकटी होती. श्रावस्तीने ओढणीने ती पुसली. खाली माझे अक्षर होते. फिकट, पण माझेच. सह्यासुद्धा.

श्रावस्तीने तो कागद सगळा वाचला. मला तिच्या हातून घ्यायचे सुचले नाही. वाचून तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी पप्पांना नाही सांगणार. तुम्ही सांगा." चहा न घेता गेली.

मी पाणी लावून पाहिले होते, ऊब लावून पाहिली नव्हती. खंडेरावांबद्दल बोलायचा माझा हक्क संपला, हेही येथे नोंदवतो. ते हयात असतील तर त्यांना तीन पेने माफ.

७. ती गेल्यावर मी इस्त्री तापवली. एकदा फिरवली असती तर सगळे पुन्हा गेले असते. कमलाबाईने भिंतीतला प्लग काढला. "लिहिताना हात अडला नाही ना? मग राहू द्या. पोराला दाखवा." म्हणून तो कागद या मृत्युपत्राच्या नकलेसोबत मी समाधानला पाठवत आहे. टपालाच्या गाडीत ऊन लागून तो कोरा झाला, तर मी मुद्दाम कोरा पाठवला असे त्याला वाटेल. त्याच्या जागी मी असतो तर मला तेच वाटले असते. म्हणून त्यातले वाक्य पुसले जाणार नाही अशा शाईत येथे पुन्हा लिहितो:

"माझा मुलगा समाधान याच्या हाती घर देऊ नये. तो आईला बाहेर काढून आठ दिवसांत ते विकेल. घर नात श्रावस्तीला द्यावे. मुलावर माझा भरवसा नाही."

हे मी लिहिले होते. त्याने असे काहीही कधी केलेले नव्हते. माझ्याजवळ पुरावा नव्हता, नुसती भीती होती.

८. हा कागद ज्या पेनाने लिहिला ते मी बावीस दिवसांत अकरा पेने पाहून घेतले. तळहाताएवढे, टोपणाचे, निळ्या तेलकट शाईचे. त्याने लिहिलेला एक तुकडा पाण्यात ठेवला, एक इस्त्रीखाली, एक फ्रीजमध्ये आणि एक गच्चीवर चार दिवस उन्हात. चारही वाचता येतात. तरी शंका असेल त्याने तुकडे बघावेत, ते सोबत टाचले आहेत. हे पेन माझ्या मृत्यूपर्यंत माझ्या खिशात राहील. त्यानंतर समाधानने घ्यावे किंवा टाकून द्यावे.

९. माझ्या पुण्यानुमोदनाला जेवणावळ करू नये. वंदना झाल्यावर आपल्या भागातून परीक्षेच्या तयारीला दिल्लीत आलेल्या मुलामुलींना प्रत्येकी एक पेन द्यावे. मिटणारे देऊ नये. स्टेशनरीवाल्याकडून घेताना प्रत्येक पेन चालवून घ्यावे.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी समाधानने करावी अशी माझी इच्छा आहे. त्याला विचारल्याशिवाय त्याचे नाव घातले आहे. तो नाही म्हणाला तर ते काम ऋचाने करावे. ती कमी बोलते.

वरील मजकूर मी वाचला, कमलाबाईला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती सांगितली, ती केली नाही.

लिहून देणार: रावसाहेब किसन खिल्लारे (सही)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि आपापल्या पेनाने सही केली:
१. वैजयंती दत्तात्रय पाठक, निवृत्त परिचारिका, वरचा मजला (सही)
२. धीरज उत्तम गवई, विद्यार्थी (सही)

ठिकाण: द्वारका, नवी दिल्ली
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५

समाधान, ही नक्कल तुझ्यासाठी. तू आईला सकाळी सात वाजता फोन करतोस, मी फिरायला गेल्यावर, हे मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. मी रोज मुद्दाम एक फेरी जास्त मारून येतो, तुमचे बोलणे अर्धवट तुटू नये म्हणून. तुला वाटले असेल की म्हाताऱ्याला पत्ता नाही. आता एकदा संध्याकाळी कर, मी घरात असताना. घर नको असेल तर नको म्हण, मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, मी मधे बोलणार नाही. पण आईकडे निरोप ठेवू नकोस, मला सांग. आणि लवकर कळव.