भाच्याचं पाणी

७ फेब्रुवारी, शनिवार

जोतं पूर्ण झालं. एकवीस फूट बाय चौदा. चार वेळा टेप लावली. तिसऱ्या वेळी अर्धा इंच फरक आला, चौथ्यांदा लावल्यावर गेला. रफीक मिस्त्री म्हणाला, "भाई, घर बांधतोय, शर्ट नाही शिवत." तो उल्हासनगरचा. सोमवारी चढून येतो, शनिवारी उतरतो.

वाडीत येऊन बारा दिवस. मामाच्या पडवीत झोपतो. सकाळी पाठीमागे डोंगराची सावली असते, पण खाली वांगणीवर ऊन पडलेलं दिसतं. तिथल्या नव्या बिल्डिंगी इथून मोजता येतात. एकतीस.

मामा आजही सकाळी पाया पडला. साठीच्या पुढचा माणूस, आईचा सख्खा भाऊ, आणि मी सत्तावीस. मी पाय मागे घेतले तर वाईट वाटून घेतो, म्हणून आता उभाच राहतो. इथे भाच्याचा मान असा. आई गेल्यावर तिच्या वाटणीचा हा तुकडा त्यानेच होऊन माझ्या नावावर केला.

११ फेब्रुवारी, बुधवार

विटांचा टेम्पो आला. शेवटच्या वळणापर्यंतच येतो, पुढे डोक्यावरून. अख्खी वाडी वाहायला उतरली. मी पाटीत आठ विटा घेऊन वीस पावलं आलो असेन, मामीने पाटी उतरवून घेतली. हसली आणि घेऊन गेली. मग मी वळणावर उभा राहून विटा मोजल्या. फुटक्या सतरा.

वाडीतले सगळे पुरुष माझे मामा, सगळ्या बायका माम्या. कामाला कुणी हात लावू देत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. अंबरनाथला उतरलो. शिवमंदिराची रांग इतकी मागे होती की मनीषाने बाहेरूनच हात जोडले. लग्नाला दीड वर्ष झालं. उल्हासनगरची भाड्याची खोली सोडल्यापासून ती अंबरनाथ पश्चिमेला आईकडे राहते, लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. मी तिला वाडीत चल म्हणतो त्याला ती अजून हो म्हणालेली नाही, नाहीपण म्हणालेली नाही.

आज उसाच्या रसाच्या गाडीवर स्पष्ट बोलली. "भिंती पक्क्या. वर पत्रा चालेल. न्हाणीघराला आतून कडी. एवढं असेल तर अक्षय्य तृतीयेला येते. नसेल तर आपण बदलापुरात खोली बघू, आणि तू दुसरं काम बघ."

दुसरं काम म्हणजे पाट्या रंगवण्याशिवायचं. फ्लेक्स आल्यावर उल्हासनगरात हाताने रंगवलेली पाटी सगळ्यांना नकोशी झाली. ज्यांच्याकडे कामाला होतो ते सिंधी शेट म्हणायचे, "साईं, तेरा अक्षर सोना है, पण आता सोनं कोण घेतं?" इथे मात्र वांगणीच्या फार्महाऊसवाल्यांना हाताचीच पाटी हवी असते. दोन झाल्या, तिसरी सुकते आहे. त्यांनी 'आशिर्वाद' लिहून दिलं होतं, मी 'आशीर्वाद' केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला. त्रेसष्ट दिवस.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पूर्वेची भिंत कंबरेपर्यंत. रफीक मिस्त्रीने बजावलं आहे, पाणी मारायचं, दोन टाइम, सात दिवस, प्रत्येक थराला. विटेला तहान राहिली तर सिमेंट भुसा होतं. हे एक काम मामाने मला करू दिलं, कारण घर माझं. वरच्या झऱ्यावरून आणतो. सकाळी बावीस हंडे, संध्याकाळी वीस. खांदे सोलले आहेत, पण बरं वाटतं.

झऱ्यावर मी जातो तेव्हा कुणी नसतं. नशीब. रांगेत उभं राहायची सवय नाही राहिली.

४ मार्च, बुधवार

इथली हवा आता अंगाला लागली. दुपारी वारा दरीतून वर येतो, तेव्हा पाटीवर रंग लावत नाही, धूळ बसते. सकाळी सात ते नऊ रंग, मग विटा भिजवणं. रात्री आठला झोप. उल्हासनगरात कधी एक वाजायच्या आत डोळा लागला नाही.

म.शी बोलायला मोठ्या दगडावर चढावं लागतं, तिथेच रेंज. आज सांगितलं की पूर्वेची भिंत खिडकीपर्यंत आली. म्हणाली, "फोटो पाठव." पाठवला. अर्धा गेला.

९ मार्च, सोमवार

हंडा भरायला गेल्या महिन्यात पाच मिनिटं लागायची. आज अकरा. घड्याळ लावून पाहिलं. उद्यापासून पाचला उठायचं.

१६ मार्च, सोमवार

आज लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

दाराची चौकट यायची होती म्हणून पहाटे वळणाकडे निघालो. टेम्पोला उशीर, म्हणून ओढ्याच्या वाटेने गेलो. त्या वाटेने कधी गेलो नव्हतो. खाली ओढ्याच्या कोरड्या वाळूत खड्डा खणलेला, त्याला इथे डवरा म्हणतात. भोवती मामी आणि आणखी चार जणी. डवऱ्यात वाटीभर पाणी जमलं की वाटीने काढायचं, हंड्यात ओतायचं, परत थांबायचं.

मी विचारलं, इथे कशाला? मामी म्हणाली, "हितलं पानी गोड लागतं."

एकीला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. मी वर पाहिलं. डवऱ्यापासून वाडीपर्यंत उभा चढ. या बायका डोक्यावर दोन हंडे घेऊन रोज तो चढत होत्या. आणि वरचा झरा, वाडीपासून पन्नास पावलांवरचा, मी विटांना पाजत होतो.

१७ मार्च, मंगळवार

रफीक मिस्त्रीला विचारलं. त्याला पंधरा दिवसांपासून माहीत होतं. "मेरे को लगा तुमको मालूम है. तुम तो सब लिखते हो."

मामाला विचारलं. तो गोठ्यात होता. आधी म्हणाला, बायकांना चालायची सवय आहे. मग म्हणाला, झरा काय पळून जातो. मी तरी उभाच राहिलो, तेव्हा शेणाचा हात तसाच ठेवून बोलला, "भाच्याला पान्याला नाय म्हनू? वरती तुझ्या आयला काय सांगू मंग?"

चारही भिंतींचे मिळून विटांचे सेहेचाळीस थर मी या वहीत लिहिले आहेत. कोणत्या थराला किती हंडे, तेही. त्यात एकदाही झऱ्यावर दुसरं माणूस का नाही, हे लिहिलेलं नाही. लिहिलं आहे, 'नशीब'.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. मामाकडे गुढी. पुरणपोळी आधी मला वाढली, मग देवाला. मी दोन दिवस झऱ्यावर गेलो नाही. बायका अजून खालीच जातात. मी वापरत नाही म्हटलं तरी वरचं पाणी भाच्यासाठी सोडलेलं, म्हणजे सोडलेलं.

दुपारी सगळे बसले होते तेव्हा हात जोडून सांगितलं की झऱ्याची पाळी असते त्यात माझंही नाव घाला, घरटी दोन हंडे तर मलाही दोनच. झरा साफ करायची पाळी असते तीपण द्या. मामांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, भाच्याला पाळी कशी लावायची, लोक शेण घालतील तोंडात. विषय संपला.

दगडावर चढून म.ला सांगितलं. बोलता बोलता रडकुंडीला आलो असेन. म्हणालो, "सगळ्यांना पाळी आहे, मलाच पाळी देत नाहीत."

ती इतकी हसली की फोन तिच्या आईने घेतला आणि विचारलं काय झालं. तिला काय सांगणार. म. परत फोनवर आली आणि म्हणाली, "आई विचारते, डॉक्टरला दाखवलंस का?"

किती दिवसांनी हसली. त्यामुळे पाण्याविना भिंती अडल्याचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे सांगितलं नाही.

२३ मार्च, सोमवार

रफीक मिस्त्रीने भिंतीवर खिळा ओढून दाखवला. चार दिवसांपूर्वीच्या थरातून पीठ पडलं. "पाणी नाही तर वीट नको लावू. सुकी वीट सिमेंटचं पाणी पिते, भांडण आहे दोघांत."

टँकर वळणाच्या वर येत नाही. पावसानंतर बांधायचं तर अक्षय्य तृतीया गेली, आणि चार महिने उघड्या भिंती. मामाने ऐकलं आणि सहज म्हणाला, वर कूड घाल. त्याच्या माळ्यावर दोन वर्षं वाळलेली कारवी आहे, गोठ्यासाठी ठेवलेली. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, आतून बाहेरून माती-शेणाने लिंपायच्या. पाणी लागतं ते माती कालवण्यापुरतं. वाडीतली अर्धी घरं तशीच उभी आहेत. आईचा जन्म तशाच घरात.

ठरवलं. खिडकीच्या खालपर्यंत वीट, वर कूड. उरलेल्या विटांत न्हाणीघर पक्कं. तेवढ्या भिंती रफीक मिस्त्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवणार, भांडी धुतलेलं पाणी पुरेल म्हणाला.

२८ मार्च, शनिवार

म.ला सांगितलं. सगळं, डवऱ्यापासून.

म्हणाली, "म्हणजे कुडाचं घर."

मी म्हणालो, अर्धं.

"तू हे मला पाडव्याला का नाही सांगितलंस?"

तिने फोन ठेवून दिला. मी दगडावर बसून राहिलो, परत येईल म्हणून. बॅटरी चार टक्के होती.

रफीक मिस्त्री आज शेवटचा उतरला. गोणपाटावर पाणी मारायला विसरू नको, एवढंच म्हणाला. मग दोन पावलं उतरून, "भाभीला घेऊन ये. फोटोत मातीचं घर गरीब दिसतं."

३ एप्रिल, शुक्रवार

कुडाचं काम सुरू. मामा कारवी बांधतो, मी सुतळी देतो. एवढं करू देतात. म.चा फोन नाही. मेसेज आला, 'लॅबमध्ये गर्दी'.

माझं पाणी मी आता डवऱ्यावरून आणतो. कुणाला सांगितलं नाही.

आज तिथे मोठी चूक केली. वाटी खोल पोचेना म्हणून कडेला उतरलो, वाळू खचली, दोन्ही पाय आत. चपलांसकट. पाणी क्षणात गढूळ. मागे मामी.

मामीला मी आजवर मोठ्याने बोलताना ऐकलेलं नव्हतं. "भायेर नीघ! चपला घालून पान्यात उतारतात काय? डोलं फुटलं काय तुझं? सक्कालपासून बसलंय मी या पान्याला!"

मी बाहेर आलो. भाच्याला कुणी असं बोलत नाही. एक वयस्कर मामी हळूच म्हणाली, अगं भाचा आहे. तर ही म्हणाली, "भाचा हाय म्हनून काय त्याचं पाय गालून प्यायचं?"

आणि मला हसू आलं. मग त्यांनाही.

४ एप्रिल, शनिवार

मामाच्या कानावर गेलं. तो मामीशी बोलत नव्हता. जेवायला वाढताना मामी माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या झऱ्याचा गाळ काढायचाय. तुझी पाली. फावडा घेऊन ये, उशीर केलास तर माझ्याशी गाठ हाय."

मामाने ताट थोडं पुढे सरकवलं. पुन्हा मागे घेतलं. जेवला.

वाडीत पाळीची यादी म्हणजे मामीचं डोकं. कुठे लिहिलेली नाही. लिहून देऊ का, असं मी विचारलं नाही.

५ एप्रिल, रविवार

साडेसहाला झऱ्यावर. माझ्या आधी तीन माणसं. दहापर्यंत गाळ काढला. फावडं कसं धरायचं ते दोन मामांनी दोन तऱ्हेने शिकवलं, त्यावरून त्यांचंच वाजलं. साफ झाल्यावर बायकांनी हंडे लावले, वरच्या झऱ्याला, ओळीने. माझे दोन हंडे सहाव्या नंबरावर. तासभर थांबलो.

सकाळी मामा पाया पडायला विसरला. किंवा पडला नाही.

१२ एप्रिल, रविवार

म. आली. कळवलं नव्हतं. वळणावरून एकटी चढली, घामाघूम, हातात सँडल. मी लिंपणाच्या मातीत गुडघ्यापर्यंत. मामी म्हणाली, "सूनबाई, ह्याला हात लावू नको, सुकला की तडकंल." म. हसली नाही, पण बघत राहिली.

पाणी दिलं. तिने अर्धा तांब्या पिऊन उरलेलं ओतायला हात वळवला आणि थांबली. परत ठेवला.

न्हाणीघर आतून पाहिलं. मग मोठ्या खोलीत उभी राहिली. विटांवर हात ठेवला, मग वरच्या कुडावर. विचारलं, साप येतात का. मी म्हणालो, येतात, पक्क्या घरातपण येतात. तिने विचारलं, सकाळी सातच्या गाडीसाठी इथून किती वाजता निघायचं. सव्वापाचला. पावसाळ्यात? ते मला माहीत नाही म्हणालो. पूर्वी काहीतरी सांगितलं असतं.

"फसवलंस मला," ती म्हणाली. रागाने नाही. "भिंतींचं नाही म्हणत. दहा दिवस गप्प बसलास त्याचं म्हणते."

मी हो म्हणालो.

दुपारी मामीशेजारी बसून तिने भाकरी खाल्ली. दोघी काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. चारला उतरायला निघाली. सोबत यायला निघालो तर नको म्हणाली, वाट कळली आहे. दाराच्या चौकटीतून परत आत वळली, पश्चिमेच्या कुडापाशी गेली.

"मी येते असं म्हणत नाहीये. पण खिडकी इथे नको. वाऱ्याने चुलीचा धूर सगळा आत येईल. तिकडे घे."

बोट दाखवलं आणि गेली.

१३ एप्रिल, सोमवार

मामाला सांगितलं खिडकी हलवायची. तो म्हणाला, लिंपण झालं आता, ओलं आहे, काढलं तर सगळं परत. मी म्हणालो, परत करू.

दोन हंडे पाणी, आजच्या पाळीचं, त्यातला सव्वा हंडा मातीला गेला. अंघोळ नाही.

संध्याकाळपर्यंत जुन्या जागी कारवी भरली. नव्या जागी चौकोन मोकळा ठेवला आहे, अडीच फूट बाय दोन. त्यातून वारा येतो. अजून लाकूड लावलं नाही. उंची तिला विचारायची राहिली.