पडणाऱ्याला जास्त मार्क

प्रिय निनाद,

मी तुझी आजी. आठवत नसेल म्हणून सांगते, मुसफ्फाच्या फ्लॅटमध्ये राहते, बुटकी आहे आणि खालचे चार दात अजून माझे आहेत. फुजैराच्या बंदरावर नोकरी लागली की माणूस फोन उचलायचं विसरतो असं दिसतंय, म्हणून हा कागद. मला अक्षर येत नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. मी सांगतेय, लेखनिक लिहितोय. फुकटचा मिळालाय, म्हणून कुरकुरतो. बाबाच्या ऑफिसचा ड्रायव्हर अन्वर गुरुवारी माल घेऊन तिकडे येतो, त्याच्या हाती देतेय.

मरीनातल्या ऑफिसातली एसीतली नोकरी सोडून तू बंदराच्या टर्मिनलवर गेलास. तुझा बाबा म्हणाला, या घरात पाय ठेवू नकोस. तू म्हणालास, नाही ठेवणार, खलास. ईदपासून दोघंही आपापल्या कोपऱ्यात दोरीला टेकून उभे. यात माझं रिव्ह्यूचं काम बुडालं. जुन्या जपानी कुस्त्या तू लावायचास, मी निकाल द्यायची, तू तो मोबाइलवर टाकायचास. लोक आजी कुठे म्हणून विचारतात, असं तुझी बहीण शुभ्रा मला इंग्रजीत सांगते. पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, ही तर नुरा कुस्ती, आधीच ठरवून केलेली. कागलला माझ्या माहेरासमोर तालीम होती, असला प्रकार झाला असता तर लोकांनी दोघांनाही मैदानातून हाकललं असतं. तेव्हा तू मला बघायला शिकवलंस. म्हणालास, उडी मारणाऱ्याकडे सगळेच बघतात आजी, तू खाली पडणाऱ्याकडे बघ. शिकवलंस तूच, विसरलासही तूच.

तर शनिवारी मी तू राखून ठेवलेली ती कुस्ती लावून घेतली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. म्हातारा चॅम्पियन काळ्या चड्डीत, त्याचाच चेला लाल चड्डीत. आधी रंगीत कागदी फिती उडाल्या, मग एवढा मोठा हॉल कीर्तनाला बसल्यासारखा गप्प. माझा निकाल असा. चेल्याची उडी चांगली, पण घाई फार, आणि कमरेला हात घालायच्या आधी लोकांकडे बघतो. म्हाताऱ्याची छाती थपडा खाऊन टोमॅटोसारखी लाल झाली, तरी हात मागे घेऊन उभा, आणखी मार म्हणून. शेवटी चेल्याने त्याला उचलून मागे आपटलं. पडताना म्हाताऱ्याने डोकं वाचवायला हनुवटी छातीला लावली आणि रेफरीचे तीन मोजून होईपर्यंत खांदा उचलला नाही. उचलता आला असता, मला दिसलं. बाबा शेजारीच बसला होता, रिमोट त्याच्या हातात. म्हणाला, "मुद्दाम हरला तो." मी म्हटलं, मग? लोकांनी घरी जाताना पोराचं नाव घ्यावं, म्हणून हरला. उडी मारण्यापेक्षा नीट पडायला जास्त अक्कल लागते. पोराला दहापैकी सात, म्हाताऱ्याला दहा. शेवट बाबाने परत लावला, मग आणखी एकदा.

आता हा कागद कशासाठी ते. अक्षर तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. लेखनिक तुझा बाबा, माझा विजयच आहे. तुझी आई छाया लिहिते म्हणत होती, मीच नको म्हटलं. आता मी त्याला सांगतेय ते वाक्य असं: "निनाद, बंदरावरचं काम तू निवडलंस ते बरं केलंस, घरी ये." मला वाचता येत नाही. या वाक्याच्या जागी त्याने हवेचा उकाडा लिहिला तरी मला पत्ता लागायचा नाही, आणि हा कागद मी छायाकडून वाचून घेणार नाही. पेन मघापासून थांबलंय. मला घाई नाही, मी चहा पितेय. हां, चाललं परत. तेव्हा ते वाक्य तुला दिसलं असेल, तर समज की विजयने खांदा उचलला नाही. आता हनुवटी छातीला लावून नीट पडायची पाळी तुझी. निकाल मला माहीत आहे, तरी शनिवारी समोर बसून बघायचाय.

तुझीच,
आजी
(अंगठा माझा, शाई लेखनिकाची)

ता. क. अन्वरच्या बर्फाच्या पेटीतून एक मोठी सुरमई पाठव. तुकडे छाया करेल. डोकं तेवढं काढून टाकायला सांगू नकोस, ते बाबाला लागतं.