जाळीवरची दोघं

४ मे, सोमवार

कावळे! बावीस वर्षं खांबांवर चढतोय. वादळं बघितली, लाइनवर पडलेली झाडं बघितली, पण कावळ्यांएवढा वैताग कुणी दिला नाही. सकाळी दवाखान्यामागची लाइन गेली. खांबाच्या टोकाला घरटं. घरटं कसलं, भंगाराचं दुकान! बांधकामाची तार, कपड्यांचा हँगर, कुणाच्या तरी चष्म्याची काडी. त्यातली एक तार सरकली आणि फट्! वरच्या मजल्यावरून नर्सबाई ओरडतायत, "अहो, किती वेळ? आत पेशंट आहेत!" जसं काही घरटं मीच बांधलंय.

नियम असा आहे की घरट्यात पिल्लं असतील तर थांबायचं, साहेबांना फोन करायचा आणि घरटं पिल्लांसकट उतरवून जवळच्या झाडावर ठेवायचं. फोन कुणी करत नाही. केला तर साहेब म्हणणार, "मी मीटिंगमध्ये आहे, तुमचं तुम्ही बघा." माझा जोडीदार लांब्या हेल्मेट घरी विसरलेला, नेहमीसारखा. एका हेल्मेटवर दोघांनी आळीपाळीने चढायचं ही आमची जुनी सोय. माझं घालून आधी तो गेला आणि घरटं खाली ढकललं. चार पिल्लं. तीन जागीच गेली. चौथं गटाराच्या कडेला पडलं. तेही मेलेलंच होतं. पायाने आत सारलं आणि लोखंडी जाळी ओढून घेतली. रस्त्यात घाण नको.

मग हेल्मेट घालून मी चढलो, तडकलेला इन्सुलेटर बदलला. दोन तास गेले. तेवढा वेळ नर-मादीचा जाळीभोवती नुसता थयथयाट. डोकं उठलं.

६ मे, बुधवार

हेल्मेट काखेत मारून दवाखान्यामागून ऑफिसला चाललो होतो. बुटाची नाडी सुटली, जाळीजवळ वाकलो बांधायला. मागून फाडकन टाळूवर चोच! पहिल्यांदा वाटलं वरून काहीतरी पडलं. हात लावला तर रक्त. वळून बघतो तर दुसरा येतोय, सरळ डोळ्यांच्या रोखाने. ऑफिसपर्यंत पळालो. पळालो! बावन्नाव्या वर्षी, कावळ्यांना भिऊन!

ऑफिसात हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. "फ्यूज, तुला पण कुणीतरी उडवणारं भेटलं बघ!" मी पटकन उडतो म्हणून मला फ्यूज म्हणतात. आज खरोखरच उडालो. स्टूल फेकलं.

७ मे

आजही. दोन टाके. टाके घालताना कंपाउंडर गालातल्या गालात हसत होता.

९ मे, शनिवार

कोडं सुटलं. हेल्मेट! घरटं पाडलं लांब्याने, पण डोक्यावर माझं हेल्मेट. पिवळं, पुढे लाल पट्टी, दहा मैलांवरून दिसेल असं. त्यांनी पट्टी लक्षात ठेवली आणि खापर फोडलं माझ्यावर.

असा संताप झालाय! लक्षात ठेवण्याइतकी अक्कल आहे ना तुम्हाला? मग चौकशी करण्याइतकी नको? डूख धरता, मग नीट बघून तरी धरा! माणसांच्या जगात हे नेहमीचंच, करणारा एक आणि भरणारा भलताच. ते गिळायची सवय झाली आहे. पण पाखरांकडूनही हेच?

जेवताना हे सगळं बोललो. ही म्हणाली, "चार दिवस झाले, कावळ्यांशिवाय दुसरा विषय नाही तुमच्या तोंडात." धाकटी मात्र कान टवकारून ऐकत होती. सहावीत आहे. "बाबा, पण आमच्या बाई म्हणाल्या कावळे चेहरा ओळखतात. टोपीबिपी नाही." मी म्हटलं, तुझ्या बाई चढल्यात का कधी खांबावर? "मग करून बघू या ना," म्हणे.

१० मे, रविवार

केलं. धाकटीच्या नादाने मी पण येडा.

लांब्याला सुट्टीच्या दिवशी उठवून आणलं. माझं हेल्मेट त्याच्या डोक्यावर, माझा खाकी शर्ट त्याच्या अंगात (अर्ध्या पोटापर्यंत आला, एवढा लांब माणूस). मी हिची ओढणी नाकापर्यंत गुंडाळलेली. धाकटी भिंतीआड, हातात वही. लांब्या खांबाखाली दहा मिनिटं उभा. नर-मादी दोघं जाळीवर बसलेली. ढिम्म! एकाने तर त्याच्याकडे पाठ फिरवली.

मग मी गेलो. माझ्याकडेही लक्ष नाही. गुदमरत होतं म्हणून घाम पुसायला ओढणी खाली केली, तोंड उघडं पडलं मात्र...

कानामागे टाका पडेल असं ही म्हणते. मी दवाखान्यात जाणार नाही. त्या कंपाउंडरचं तोंड बघायचं नाही मला.

धाकटीने वहीत लिहिलंय: हेल्मेट – नाही. शर्ट – नाही. चेहरा – हो!! दोन उद्गारचिन्हं. आनंद झालाय पोरीला.

११ मे

म्हणजे गफलत नाही. त्यांना मीच हवा आहे.

१३ मे, बुधवार

आज बाजारातल्या खांबावर काम. दवाखान्यापासून चांगल्या तीन गल्ल्या लांब. म्हटलं इथे कोण येतंय. शिडीच्या निम्म्यावर होतो, आली! आणि दोनच नाही, पाच. बाकीच्यांशी माझा काय संबंध? यांनी काय गावभर माझा फोटो वाटलाय? कानावर झडप आली, हात सुटला, पट्टा होता म्हणून वाचलो. लोंबकळत होतो हवेत. खाली बघ्यांची गर्दी, आणि गर्दीत साहेब.

साहेब म्हणाले, "हे असं चालणार नाही. उद्यापासून तुम्ही तक्रारींच्या फोनवर बसा." मी! या गावात एक खांब असा नाही ज्याच्या टोकाला माझा हात लागलेला नाही. चढणं सोडून मला दुसरं काही येत नाही, यायला नको आहे. मी फोन उचलून "नमस्कार, तुमची तक्रार सांगा" म्हणायचं?

१५ मे, शुक्रवार

दिवसभर फोन. "लाइट कधी येणार?" आली की येणार, बाई!

संध्याकाळी लांब्याला धरला. म्हटलं, साहेबांसमोर कबूल हो, घरटं तू पाडलंस. तो म्हणाला, "मी कुठे नाही म्हणतोय? पाडलं. वाईटही वाटतंय. रोज सकाळी तिथे पाव टाकतो त्यांना." 

अरे वा! म्हणजे हे आहे होय! मारणारा पाव टाकतो म्हणून त्याला माफी, आणि मी खाली नुसता उभा होतो तर माझी टाळू फोडतात. लाचखाऊ! पाखरांची जातसुद्धा लाचखाऊ निघाली! लांब्या म्हणाला, "उभा होतास, हो." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. बोलायची ही कुठली पद्धत?

१७ मे, रविवार

मीही पाव टाकून बघितला. तोंड झाकून, लांबून. धाकटी बरोबर होती, हट्टच धरला तिने.

मोठा कावळा खाली उतरला. पाव चोचीत घेतला. खाल्ला नाही. जाळीवर गेला, तुकडा केला आणि जाळीच्या फटीतून खाली टाकला. मग दुसरा तुकडा. मग मादीने. टाकायचा आणि मान वाकडी करून आत बघत बसायचं. पुन्हा टाकायचा.

मी म्हटलं, बघ! हीच का तुझ्या बाईंची हुशारी? चेहरे ओळखतात म्हणे! चांगला पाव गटारात घालतायत. अक्कल शून्य!

धाकटी जाळीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, खाली कोण आहे?"

कुणी नाही, म्हटलं. घाण आहे.

"मग ती कुणाला भरवतायत?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण दवाखान्याच्या खिडकीत दोन माणसं येऊन उभी राहिली. या पोरीवर मी आजवर आवाज चढवला नव्हता. रडली नाही. घरी येईपर्यंत माझा हात धरला नाही, एवढंच.

१८ मे

घरात अबोला. ही विचारते, "झालं काय तुम्हा दोघांना?" धाकटी म्हणते, "बाबांना विचार."

कुणीही काहीही विचारतंय! पाखरं गेली त्यावर एवढी चौकशी! रोज हजारो प्राणी कापले जातात, सगळे चवीने खातात, तेव्हा कुणाच्या घशाखाली घास अडत नाही. उंदराला आपण पिंजरा लावतो, झुरळावर चप्पल मारतो. एका कावळ्यासाठी मी कुठवर जाब देत बसू? आणि कुणाला? मुलीला? की त्या दोघांना?

१९ मे, मंगळवार

साहेबांनी मार्ग काढला. बंदूकवाला येणार, त्या जोडीला संपवणार, मी पुन्हा खांबावर. फक्त माझा एक अर्ज हवा. मजकूर साहेबांनीच सांगितला: "सदर पक्ष्यांनी माझ्यावर विनाकारण हल्ले केले असून मी त्यांना कोणतीही इजा केलेली नाही." खाली सही.

केली सही! का करू नये? घरटं मी पाडलं नाही. तीन पिल्लं मी मारली नाहीत. फोन साहेबांना करायचा होता तो लांब्यानेही केला नाही. मीच एकटा गुन्हेगार का? गुरुवारी सकाळी अकराला माणूस येतोय. शुक्रवारपासून मी वर.

अर्ज देताना लांब्या दारात उभा होता. वाचला त्याने. "विनाकारण," एवढाच शब्द मोठ्याने वाचला आणि गेला.

२० मे

जेवताना धाकटीला सांगितलं की उद्या कावळ्यांचा बंदोबस्त होणार, मग बाबा पुन्हा खांबावर. मला वाटलं खूश होईल. लहानपणी खालून टाळ्या वाजवायची.

तिने ताट बाजूला सारलं. "त्यांनी फक्त तुम्हालाच ओळखलंय, बाबा. लांबूकाकांना नाही. असं का, ते तुम्हाला माहीत आहे." विचारलं नाही. सांगितलं.

सहावीतली पोर! कोण शिकवतं यांना असं बोलायला! मी हात न धुता उठलो. घरातून बाहेर पडलो, दोन चकरा मारल्या, त्या बाजूला गेलो नाही.

२१ मे, गुरुवार

दहा वाजता अर्ज परत मागून घेतला. बंदूकवाल्याला फाटकावरून परत पाठवलं. साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. फोनवरच बसवा म्हटलं, कायमचं.

चौथं पिल्लू मेलेलं नव्हतं. चोच उघडून माझ्याकडे बघत ओरडत होतं. ते मला नको होतं, म्हणून जाळी ओढली. वर इन्सुलेटर बदलत होतो ते दोन्ही तास ऐकू येत होतं.

आणि सहा तारखेला नाडी सुटली नव्हती. मी कान लावायला वाकलो होतो. अजून ओरडत होतं. मी उठलो आणि चालू लागलो.