पाणी मागणारी बाई

३ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राची वाट बघून डोळे दुखायला लागले. दुसरं बाळ झालं म्हणून बहिणीला वाऱ्यावर सोडायचं का? मेहुणे ट्रक घेऊन कायम बाहेरगावी, तू दोन पोरांत अडकलेली, सगळं कळतं मला. तरी दोन ओळी खरडायला काय होतं?

आमच्या केंद्राचं नेहमीचंच. घरोघर जायचं, मुलं बरी आहेत ना, आईला कुणाचा हात हवा आहे का, ते बघायचं. माझ्या हाताखाली एक नवीन बाई आल्या आहेत, त्यांना माझी युक्ती शिकवतेय. तुला सांगितली होती ना, दारात गेलं की पेलाभर पाणी मागायचं आणि बोलत बोलत मागोमाग आत जायचं. बाहेरची खोली कुणीही आवरून ठेवतं, घर कळतं ते ओट्यापाशी. नवीन बाई पाणी झकास मागतात, पण बघण्याच्या नादात प्यायचंच विसरतात. भरला पेला हातात घेऊन नुसत्या उभ्या! म्हटलं, अहो, घोटभर तरी घ्या, नाहीतर बिंग फुटेल आपलं.

रविवारी येते. मुंगीला सांग, मावशी येतेय. माझ्यासाठी काही करत बसू नकोस.

लोभ आहेच, तो कधीतरी कागदावरही उतरू दे.

तुझी,
ताई


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आलीस, बरं वाटलं. पण जेवून जाईन म्हणालीस आणि चहा घेऊन पळालीस. मुंगी रुसली आहे.

ओट्यावरचा पसारा तेवढा मनावर घेऊ नकोस. तो त्या दिवसापुरताच होता. माझं कसं असतं तुला ठाऊक आहे, लहानपणी माझ्या कंगव्याला हात लावलास तरी मी घर डोक्यावर घ्यायचे. आणि मुंगी स्टुलावर चढून दूध गरम करत होती ते तिच्या हौसेने. बुटाचं बक्कल लावता येत नाही, पण गॅसपाशी जायची घाई. मी तिथेच होते, खिडकीत बसले होते.

एक विचारते, रागावू नकोस. तू आल्या आल्या पाणी मागितलंस आणि माझ्या मागोमाग आत आलीस. खरंच तहान लागली होती ना?

ह्यांचा फोन येतो अधूनमधून. बाकी ठीक.

माया असू दे.

तुझी,
ठमी


१७ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

वेडी आहेस का? रणरणत्या उन्हातून आले होते, तहान लागणार नाही तर काय होणार? बहिणीच्या घरी कुणी तपासणीला जातं का? मी तर मुंगी किती उंच झाली तेवढंच बघितलं. घाईत गेले कारण केंद्रात काम होतं.

मनात काही आणू नकोस. वेळेवर जेव, झोप काढ. सगळं ठीक होईल.

लोभात तसूभरही कमी नाही.

तुझी,
ताई


२९ मार्च

ताईस,

सा. न. गाळला आहे, चुकून नव्हे.

काल एक बाई आल्या. बाळाच्या लसीची चौकशी करायला याच गल्लीत आले होते म्हणाल्या. शेजारच्या घरी बाळ आहे, समोर जुळी आहेत, तिथे कुठेच गेल्या नाहीत. बोलायला गोड, साडीला पिन नीट लावलेली. पेलाभर पाणी मिळेल का म्हणाल्या.

मी पाणी द्यायला आत गेले. त्या मागोमाग. भरला पेला हातात धरून ओटा बघितला, बाटल्या बघितल्या, स्टूल बघितलं. मी बघत राहिले, आता पितील, मग पितील. जाताना पेला होता तसा भरलेला माझ्या हातात परत दिला. त्या गेल्यावर मी ते पाणी मोरीत ओतलं आणि खाली बसले.

तुझ्या पत्रांतल्या त्या घरांवर मी पण हसले आहे, ताई. तू मला इतकं रंगवून सांगायचीस. मला कधी वाटलं नाही की मी त्यातलंच एक घर होईन.

आणि ऐक. आता दार वाजलं की मुंगी स्टूल उचलून पलंगाखाली सरकवते. मी तिला असं काही सांगितलेलं नाही.

लोभाचं पुढे बघू.

ठमी


२ एप्रिल

चि. ठमे,

आशीर्वाद लिहायची लाज वाटते.

तहान लागली नव्हती. तुझ्याकडे पाणी मागितलं ते सवयीने, तोंडातून निघून गेलं. पण मागोमाग आत आले ती मात्र जाणूनबुजून. मुंगी स्टुलावर, हातात पातेलं, आणि तू खिडकीत बसलेली. बाळ रडत होतं आणि तू मान वळवली नाहीस. परक्या घरी मी अशा आईजवळ लगेच बसते, हात हातात घेते, बाई, तुम्ही थकला आहात, आपण डॉक्टरांकडे जाऊ असं म्हणते. तुला म्हणाले, मुंगी उंच झाली.

नवीन बाईंना मीच पाठवलं. माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे हे त्यांना सांगितलंच नाही. एक घर आहे, बघून या, इतकंच म्हटलं. ज्या ताईला केंद्रात सगळे विचारायला येतात, तिच्याच बहिणीचं असं चाललंय, हे लोकांना कळू नये म्हणून. त्या परत आल्या आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगू लागल्या. आई हरवल्यासारखी बसलेली, एवढीशी पोर घर चालवतेय. बिचारी, हिला कुणीच नाही का, असं कुणीतरी विचारलं. मी समोर बसले होते, ठमे. मी बशी पुसत राहिले.

तुझं पत्र आलं तेव्हा आमच्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, मग तुम्ही इथे काय करताय? नवीन बाईंनाही सांगितलं. त्या रडल्या. त्यांना वाटतंय चूक त्यांची, पाणी प्यायल्या नाहीत म्हणून.

काल एका घरी गेले. पाणी मागायला तोंड उघडेना. सरळ विचारलं, स्वयंपाकघर बघू का? त्या बाईने तोंडावर दार लावलं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मी रजा टाकली आहे. तू ये म्हणालीस तर येईन आणि राहीन. नको म्हणालीस तर घरी बसून काढीन, पण परत कुणाला पाठवणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही. राग तरी ठेव.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागाने उत्तर लिहायला बसले होते. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. मग बाळ रडायला लागलं.

खरं सांगू? मला ऐकू येतं. प्रत्येक वेळी ऐकू येतं. पण उठवत नाही. हातपाय माझे नाहीत असं वाटतं. मी नुसती बघत बसते आणि मुंगी उठते. काल तिच्या हातावर दूध सांडलं. थोडंसंच भाजलं, पण ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, काही नाही झालं, आई. तुझ्यासमोर वाटली त्यापेक्षा तिच्यासमोर मला जास्त लाज वाटली. तो पसारा एका दिवसाचा नव्हता, ताई. मीही खोटंच लिहिलं होतं.

ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तू आलीस की दोघी मिळून फोन करू. डॉक्टरांकडेही जाऊ. त्या नवीन बाईंना सांग, त्यांच्यावर माझा राग नाही. पुढे कधी आल्या तर मी आत बसवीन.

रविवारपर्यंत थांबू नकोस. सरळ आत ये. भांडी घासलेली नाहीत आणि तुझ्यासाठी घासणारही नाही. मुंगीला स्टूल बाहेर काढून ठेवायला सांगितलं आहे, तुला बसायला.

लोभ होताच, थोडा रुसला होता. पाणी मात्र यापुढे मागायचं नाही. तहान लागली तर आपल्या हाताने घे, पेले कुठे असतात ते तू बघून गेलीच आहेस.

तुझी,
ठमी