खड्डा की लिफ्ट

सोम. ७ फेब्रु. ५५, आर्वी

आजही जीपखाली गेलो नाही. खांदा दुखतो म्हणालो. खांदा दुखत नाही.

ट्रकखाली दबलो त्याला परवा दोन महिने होतील. जॅकखालची वीट फुटली, जॅक जमिनीत रुतला, गाडी खाली आली. काढून ठेवलेले चाक आडवे पडले होते, गाडीचा सांगाडा त्याच्यावर टेकला, म्हणून वाचलो. दादा आणि ड्रायव्हरने बल्ली घालून गाडी उचलेपर्यंत तोंडावर ऑईल ठिबकत होते आणि मान फिरवता येत नव्हती. बस्स. याहून जास्त लिहीत नाही.

बरगड्या जुळल्या. डॉक्टर म्हणाले, कामाला लागा. घराला लागूनच टिनाचे शेड, तेच आमचे वर्कशॉप. म्हणजे उठल्याबरोबर समोर. गिऱ्हाइकाशी बोलणे मोठ्या भावाचे, दादाचे. हात माझे. दादाचे गुडघे गेलेत, गाडीखाली शिरणारा मी एकटा.

बुध. ९

जेवताना दादाने विषय काढला. "जॅकचा भरोसा नाई आता. आपण खड्डाच करू. गाडी जमिनीवरच राहीन, तू खालून उभ्यानं काम करजो. पडाले कायच नाई."

मी म्हणालो, काळी माती आहे, पावसाळ्यात पाणी भरेल, भिंती फुगून आत येतील. हे खरेच आहे. पण कारण हे नाही.

छातीइतके खाली उतरायचे, वर गाडी, दोन्ही बाजूंना भिंत. ताट तसेच सरकवले.

शुक्र. ११

बायकोने, सुमनने ओळखले. जीपच्या बंपरला हात लावून मी उकिडवा बसलो होतो, बराच वेळ असणार. ती धुण्याची बादली घेऊन उभी.

"भेव वाटते का?"

मी बंपर पुसायला लागलो.

"सांगून टाका ना दादांले."

काय सांगू? मिस्त्री गाडीखाली जायला भितो हे आर्वीत कळले तर इथे गाडी कोण आणेल? दुसरे काही येत नाही मला. चौदा वर्षे हेच. लढाईत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हेच, इथेही हेच. दुसरीकडे गेलो तरी गाडी वर आणि मी खाली.

रवि. १३

लष्करातल्या एका सोबत्याचे नागपूरहून पत्र. लष्कराच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, डिस्पोजलमध्ये, गाडी उचलायची लिफ्ट निघाली आहे. चार खांब, हँडल फिरवले की गाडी वर चढते. वीज लागत नाही. माणूस खाली सरळ उभा राहतो आणि चारी बाजू मोकळ्या.

चारी बाजू मोकळ्या, हे तीनदा वाचले.

शेड मोजले. टिन दहा फुटांवर. जीप सहा फूट, मी साडेपाच. छप्पर चढवावे लागेल. खांबांखाली मुरूम भरून काँक्रीट. दादाला सांगितले.

"म्हंजे गाडी अजून वर चढवाची? हातभर वरून आली तं तुह्या फासळ्या गेल्या. आता डोक्यावरून पाडतो का?"

तो चुकीचे बोलत नाही.

मंगळ. १५

सकाळच्या बसने नागपूर. लिफ्ट पाहिली. दुकानदाराने एक जुनी मोटार चढवून दाखवली. "जाओ ना नीचे, खडे होके देखो."

गेलो. उभा राहिलो. चाकांच्या मधून रस्ता दिसत होता, संत्रीवालीची पाटी दिसत होती. श्वास नेहमीसारखा. दोन महिन्यांत पहिल्यांदा गाडीचे पोट नीट पाहिले, हाताने चाचपले. डोळ्यांत पाणी आले ते दुकानदाराला दिसू दिले नाही.

मग बारकाईने बघू लागलो. एका स्क्रूचे आटे झिजलेत. गाडी वर अडकवून धरणारी पिन एका खांबाला नाहीच, ती करून घेता येईल. पण वजन! मोटार, जीप चालेल. ट्रक नाही. आपले निम्मे काम कापसाच्या ट्रकांचे. दुकानदार महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला.

बुध. १६

परत आलो तर शेडात मातीचा ढीग. दादाने दोन माणसे लावून खड्डा खणून घेतलेला. गवंडी विटा लावत होता.

"तू येयेपर्यंत पुरा कराचा होता. पाह्य, पान्याले ढाळ देला. अन् इकडून पायऱ्या. तुह्या फासळ्यांले उडी नाई जमाची."

पायऱ्या खरेच चांगल्या आहेत. उतरलो, वर आलो. छान झालं म्हणालो. त्याने लिफ्टचे विचारले तेव्हा म्हणालो, ट्रक चढत नाही तिच्यावर. तेही खरेच.

शुक्र. २५

आज पहिली गाडी. कापसाच्या जिनिंगचा ट्रक, गिअरबॉक्सचे काम. दादाने नारळ फोडला. मी आत उतरून उभा, ट्रक हळूहळू खड्ड्यावर आला. उजेड गेला. पायऱ्यांकडे एक चौकोन उरला, तेवढाच. ऑईलचा वास.

बाहेर आलो. पाना राहिला म्हणालो. परत गेलो. परत आलो. तिसऱ्यांदा पायरीवरच थांबलो, पाय पुढे जाईना. दादाने ड्रायव्हरला चहा प्यायला धाडले.

"काऊन रे?"

सांगितले. सगळे, खांद्याच्या खोट्यासकट.

तो ऑईलच्या डब्यावर बसला. म्हणाला, "जॅकखालची वीट मीनं ठेवली होती. कच्ची होती."

"माहीत आहे."

"तं बोलला काऊन नाई?"

काय बोलायचे होते?

मग तो उठला आणि भिंतीला धरून, तिरका होऊन एकेक पायरी उतरू लागला. मी दंड धरला, त्याने सोडवला. "तू वरून सांग कोन्ता नट." मी चाकाशेजारी पालथा पडून सांगत राहिलो. त्याने पहिल्यांदा भलताच बोल्ट खोलला. दुपार झाली. काम झाले, पण त्याला वर चढता येईना. ड्रायव्हर आणि मी मिळून काखेत हात घालून काढला.

शनि. २६

दादाचे गुडघे सुजले. सुमन एरंडाची पाने शेकून देते आहे.

"मंगळवारी दुसरा ट्रक येऊन राह्यला. मीच उतरतो."

"नाही."

"तं मंग कोन?"

सुमनने आमच्या दोघांकडे पाहिले.

सोम. २८

सकाळी रिकाम्या खड्ड्यात जाऊन उभा राहिलो. वर गाडी नाही, फक्त टिन. सुमन सूप घेऊन आली आणि वरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली. तिचे तांदूळ होईपर्यंत थांबलो. घाम आला, पण थांबलो. गाडी असती तर? माहीत नाही.

नागपूरच्या दुकानदाराला आजच कळवायचे होते. दादा म्हणतो, मोटारींसाठी घेऊन टाक, छपराचे सुताराला विचारतो. ट्रक तर खड्ड्यावरच येणार. पत्र अर्धे लिहिले आहे.

ट्रक उद्या नऊला. कोण उतरणार, बोलणे झाले नाही. दादाने कामाचा जुना सदरा दाराशी काढून ठेवला आहे. मीही माझा ठेवला.